लोकरीखालची ओली जमीन

एस्तेरमावशी गेल्याची बातमी मला ज्या माणसाने सांगितली, त्याच्याशी मी सव्वीस वर्षं बोलत नव्हतो. सकाळी साडेसातला मोबाइल वाजला तेव्हा मी दात घासत होतो. नंबर अनोळखी, पण आवाज तोच… अख्ख्या मंडळीला एका शब्दात उभं करणारा आणि दुसऱ्या शब्दात खाली बसवणारा. "विजय, शमुवेल बोलतोय. एस्तेरबाई पहाटे गेल्या. झोपेत. त्रास झाला नाही." मी तोंडात फेस असतानाच "बरं" म्हणालो. तेही "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. सव्वीस वर्षांचा अबोला असा दोन 'बरं'मध्ये संपला, आणि हे जाऊन जिला रंगवून सांगावं तीच नेमकी गेली होती.

शमुवेलभाऊ आमच्या मंडळीचे जुने पंच. शरणपूरकडचं आमचं चर्च लहान, पण भाऊ मोठे. पाळक येत, बदलून जात. भाऊ होते तिथेच असत. आता वय चौऱ्याऐंशी. पंचपद सोडून बरीच वर्षं झाली, तरी मावशीच्या स्मरणाच्या उपासनेत बोलायचा मान त्यांचाच. दोघांनी दंडाला धरून त्यांना पुलपिटापर्यंत, प्रवचनाच्या मंचापर्यंत, नेलं, पण तिथे पोचल्यावर त्यांना कोणाच्या आधाराची गरज उरली नाही. म्हणाले, "एस्तेरबाईंचा विश्वास लेकराचा होता. देवाच्या वचनाला त्यांनी उभ्या आयुष्यात एक प्रश्न विचारला नाही." मंडळी "आमेन" म्हणाली. मी शेवटच्या बाकावर होतो, आणि त्या आमेनबरोबर माझ्या मनात जे उसळलं त्याला दुःख म्हणणं खोटं होईल. मला सूड सुचला… मावशीचे सगळे प्रश्न पेपरात छापून भाऊंना खोटं पाडायचं. इतका सुंदर, इतका आयता सूड, की मी हसू लपवायला रुमाल तोंडावर धरला आणि शेजारच्या बाईंनी मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी अधूनमधून लिहितो त्या या पुरवणीत लेख द्यायचं मी तिथेच ठरवलं. हा लेख त्या सुडाचाच आहे. फक्त तो मी ठरवला तसा झाला नाही.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे, ती सगळ्यांचीच मावशी. मनमाडच्या रेल्वे गार्डची मुलगी. लग्न केलं नाही. नोकरीसाठी नाशिकला आली आणि इथलीच झाली. शहराबाहेरच्या एका शेतकी संशोधन केंद्रात ती हवामानाच्या नोंदी घ्यायची. पाळीच्या दिवशी सकाळी ठरलेल्या मिनिटाला पांढऱ्या झडपांच्या पेटीतले तापमापक वाचायचे, पावसाचं भांडं मोजायचं, वारा कुठून येतोय ते लिहायचं आणि थंडीत दव मोजायचं. दवही मोजतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. रंग दिलेली एक लाकडी पट्टी संध्याकाळी उघड्यावर ठेवायची आणि सूर्य उगवायच्या आत तिच्यावरचे थेंब छापील चित्रांशी ताडून बघायचे. द्राक्षवाले त्या आकड्यावर डोळा ठेवून असत, कारण दव जास्त तर बागेत रोग जास्त. मावशीचा नियम एकच, डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही. एकदा बस चुकून ती पाऊण तास उशिरा पोचली, तर तिने रकान्यात 'निरीक्षक गैरहजर' असं स्वतःविरुद्धच लिहिलं. साहेब म्हणाले, "बाई, कालचा आकडा आहे, उद्याचा येईल, मधला अंदाजाने टाका." ती म्हणाली, "टाका ना तुम्ही. सही पण तुमचीच करा." रकाना तसाच राहिला.

अशी ही बाई दर रविवारी दहाला, उपासना सुटली की, चर्चच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची. ते आमचं संडेस्कूल. मीही लहानपणी त्याच सतरंजीवर बसलो. तिथे प्रश्न विचारायला बंदी नव्हती, उलट प्रश्न न विचारणाऱ्याकडे ती काळजीने बघायची, याला बरं वाटत नाही की काय अशा नजरेने. नोहाने प्रलयाच्या वेळी तारवात डासांची जोडी का घेतली, असं एकाने विचारलं. मावशी म्हणाली, "त्यावरून मीही त्याच्यावर रागावलेय." देवाने सूर्य चौथ्या दिवशी केला तर आधीचे तीन दिवस मोजले कसे, असं दुसऱ्याने विचारलं. मावशी म्हणाली, "लिहिणाऱ्याला दिवस म्हणजे दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल. काय ते मला माहीत नाही. तुला कळलं तर मला येऊन सांग." तिला खरा राग यायचा तो सगळं जुळवून देणाऱ्यांचा. पुण्याहून एक वक्ते आले होते, इंजिनियर होते. त्यांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं की अमुक दिशेने अमुक जोराचा वारा सुटला तर तांबडा समुद्र दुभंगू शकतो. मंडळी खूश. आभार मानायला मावशी उठली आणि म्हणाली, "म्हणजे वाऱ्याने केलं. मग मोशेने काठी कशाला उगारली, भाऊसाहेब?" नंतर मला म्हणाली, "जी गोष्ट विज्ञानाला धरून नाही, ती नाही म्हणावं. ओढूनताणून जुळवली की गोष्टही बिघडते आणि विज्ञानही." मी त्या वेळी नुकताच नास्तिक झालो होतो. म्हणालो, "मग सरळ खोटं म्हण ना." तर माझ्याकडे वळली. "तू वाचलंयस कुठे? पेटी न उघडता तापमान सांगणारा माणूस तू."

आता सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरकडे येतो. मी तेव्हा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि मंडळीचं नाताळचं नाटक बसवायचो. देवावर विश्वास नव्हता, पण रंगमंचावर होता, आणि वर्षातून एकदा तीनशे प्रेक्षक फुकट मिळत होते. त्याच्या आदल्या वर्षी मी नाटकात एक म्हातारा मेंढपाळ घातला होता. येशूच्या जन्माच्या ताऱ्यामागे जाणाऱ्या ज्ञानी लोकांना तो विचारतो, "तारा घरावर थांबला म्हणता, पण कुठल्या घरावर? माझ्या घरातून बघितलं तर तो माझ्यावर हाय, शेजारच्या घरातून बघितलं तर त्याच्यावर." तालमीला मुलं लोळून हसायची. प्रयोगाच्या दोन दिवस आधी शमुवेलभाऊ आले, मागे उभं राहून तालीम बघितली आणि एवढंच म्हणाले, "मेंढपाळ काढा." का, ते सांगितलं नाही. मी मेंढपाळ काढला, आणि त्या दिवशी मनात एक खिळा ठोकला… यांना कधीतरी भर मंडळीत तोंडावर पाडायचं.

संधी आणून दिली गिदोनाने. बायबलातल्या शास्त्यांच्या पुस्तकात ही गोष्ट येते. गिदोनाला देव लढाईवर जायला सांगतो. गिदोन म्हणतो, मी खळ्यात लोकर ठेवतो. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी दिसली तर मानेन. तसंच होतं, लोकर पिळून वाटीभर पाणी निघतं. तरी त्याची खात्री पटत नाही. तो म्हणतो, आता उलटं करून दाखव… लोकर कोरडी आणि जमीन ओली. दुसऱ्या सकाळी तेही होतं. मावशीने ही गोष्ट सांगितली आणि शमुवेलभाऊंचं शेंडेफळ, बारा वर्षांची रूथ, म्हणाली, "मावशी, पण लोकर तशीही भिजतेच ना? आमच्या गच्चीवर घोंगडी राहिली की सकाळी ओलीच असते." मावशीचा चेहरा मला अजून दिसतो. तिने सतरंजीवरून उठून रूथच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गिदोनालाही नेमकं तेच वाटलं असणार. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी उलटं मागितलं. पहिल्या खुणेने काहीच ठरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपण बघू या का?"

मग चर्चच्या अंगणात मुलांनी माती चोपून, शेणाने सारवून बैठकीएवढं खळं केलं. सिन्नरच्या एका धनगराकडून मेंढीची लोकर आणली. केंद्रातली एक जुनी, टाकून दिलेली दवाची पट्टी मावशीने साहेबांकडून मागून आणली. रोज सकाळी सहाला मुलं स्वेटर-कानटोप्या घालून जमायची, लोकरीला हात लावायची, जमीन बघायची, पट्टी बघायची आणि वहीत लिहायची. निरभ्र सकाळी लोकर ओली आणि जमीन बघायला कोरडी. ढगाळ सकाळी दोन्ही कोरडी. दहा-बारा दिवस हेच. म्हणजे गिदोनाची पहिली खूण नाशिकच्या थंडीत कोणालाही मिळत होती. शमुवेलभाऊंनी सुरुवातीला कौतुक केलं. मग रविवारी पुलपिटावरून जाहीर केलं की लेकरं आता दुसऱ्या खुणेची वाट बघताहेत, मंडळीने प्रार्थना करावी. मावशी त्यांना व्हरांड्यात गाठून म्हणाली, "भाऊ, कसली वाट बघायची नाहीये. जे दिसेल ते लिहायचंय." भाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही लिहा. आम्ही प्रार्थना करतो." आठवडाभर म्हाताऱ्या बाया त्या खळ्याभोवती उभं राहून गीतं म्हणत होत्या. मी नाटकासाठी घातलेल्या मंडपाच्या खांबाला टेकून बघत होतो. हॉलची आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे होती, कारण नाटकाचं सामान आत होतं… आणि माझ्या डोक्यात पडदा वर गेला.

लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही. शनिवारी तालीम संपल्यावर मी लोकर उचलून हॉलमध्ये खुर्चीवर ठेवली. रविवारी उजाडायच्या आत आलो, कुंड्यांना पाणी घालायच्या झारीने खळ्यावर तीन झाऱ्या पाणी शिंपलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कुठे कमीजास्त नाही, आणि लोकर जिथे होती तिथे परत ठेवली. माझा बेत साधा होता. भाऊ चमत्कार जाहीर करतील, दोन दिवस त्यांना नाचू द्यायचं, आणि मग सगळ्यांसमोर झारी आणून ठेवायची.

भाऊंनी माझ्या अपेक्षेपेक्षा भारी काम केलं. त्या रविवारी मावशीची केंद्रात सकाळची पाळी होती, त्यामुळे सहाला मुलं एकटीच आली. लोकर कोरडी, जमीन ओली. एका मुलाने धावत जाऊन भाऊंना उठवलं. भाऊ बनियनवर शाल गुंडाळून आले, खळं बघितलं आणि स्वतः जाऊन घंटेचा दोर ओढला. आठ वाजेपर्यंत अंगणात माणूस मावेना. भाऊ खळ्याशेजारी गुडघे टेकून रडत होते. मी अशी भूमिका कोणाकडूनही बसवून घेऊ शकलो नसतो. मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा हॉलमध्ये जाऊन पडद्यात तोंड खुपसून हसून आलो.

नऊला मावशी केंद्रावरून थेट आली. खांद्याला पिशवी, पायात स्लीपर. गर्दीतून वाट काढत खळ्यापाशी गेली आणि रूथला म्हणाली, "सहाला पट्टी कशी होती?" रूथने वही उघडली. बाप शेजारी गुडघ्यांवर, सगळी मंडळी भोवती, आणि ती वाचायला लागली, "पट्टी कोरडी. दव नाही. आकाश ढगाळ." मावशी म्हणाली, "केंद्रातही दव नव्हतं. काल रात्री नाशकात कुठेच दव पडलेलं नाही." इथे मला पहिल्यांदा घाम फुटला. ढगाळ रात्री दव पडत नाही, हे इथल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला माहीत आहे, आणि जन्मभर नाशकात राहून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "बाई, देवाला करायचं असेल तर दवाशिवायही जमीन भिजवता येते." मावशी म्हणाली, "येते. ते मी नाही म्हणत नाही." मग तिने लोकर उचलली. खालची जमीन बाकीच्या जमिनीसारखीच ओली होती. मावशीने तिथे बोट टेकवलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, लोकर रात्रभर इथे असती तर तिच्याखाली जागा कोरडी राहिली असती. वाकून बघा." भाऊ उठून उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "विश्वासाला वाकून बघावं लागत नाही."

मी जिंकलो होतो. भाऊ भर मंडळीत तोंडावर पडले होते, तेही मी एक शब्द न बोलता. पण तोंडावर पडलेला माणूस उठतो तेव्हा हाताला लागेल त्याला धरून उठतो, हे माझ्या नाटकात नव्हतं. संध्याकाळी पंचांची बैठक झाली. भाऊ म्हणाले, चमत्काराची टिंगल करायला हे बाईंनीच केलं. प्रश्न विचारायची सवय मुलांना लावली की शेवट हाच. मावशीने विचारलं, "मी पाणी टाकताना कोणी बघितलं?" बघितलेला एकही निघाला नाही. तेव्हा मावशी म्हणाली, "मी टाकलेलं नाही. पण मी टाकलं नाही, हेही तुमच्यापैकी कोणी बघितलेलं नाही. त्यामुळे तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा." त्यांनी वर्ग बंद करायचं ठरवलं. मी दाराशी उभा होतो. नाटक आठ दिवसांवर आलं होतं. झारी माझी म्हटलं असतं तर नाटक गेलं असतं… एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. मोठं, पटण्यासारखं कारण शोधायचा मी बरीच वर्षं प्रयत्न केला. सापडलं नाही. त्यापेक्षा भाऊंशी बोलणं सोडून देणं आणि मावशीवर अन्याय केला म्हणून त्यांना सगळीकडे शिव्या घालत फिरणं सोपं गेलं, आणि ते मी मन लावून केलं.

मावशीने चर्च सोडलं नाही. त्याच बाकावर बसायची, तीच गीतं म्हणायची. नाताळ झाल्यावर मला निरोप पाठवला, रविवारी दहाला घरी ये. मी गेलो. तिने चहा आणि खारी पुढे ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खळ्यावर पाणी फार छान पडलं होतं रे. चारी कोपऱ्यांत सारखं. असं शिंपायला नाटकवाल्याचा हात लागतो." मी म्हणालो, "मावशी, मी…" तिने हात वर केला. "मी बघितलेलं नाही. मला काही सांगू नकोस. सांगायचं तर जिथून माझा वर्ग गेला तिथे जाऊन सांग." तिच्या घरापासून चर्च दोनशे पावलांवर. मी चहा प्यायलो. मग तिने बायबल उघडलं आणि म्हणाली, "आजपासून तू बायबलच्या बाजूने बोलायचं. मी विज्ञानाच्या बाजूने."

तेव्हापासून जमेल तितके रविवार, दहा ते अकरा, हा खेळ चालला. मी नास्तिक, पण लढाई संपेपर्यंत यहोशवासाठी सूर्य आकाशात थांबला याचा बचाव मी करायचा. ती श्रद्धावान, पण माझ्या चिंधड्या तिने उडवायच्या. "पृथ्वी थांबली म्हणतोस? मग ओझरपासून दिंडोरीपर्यंतच्या द्राक्षबागा मांडवासकट पूर्वेला उडून गेल्या पाहिजेत." मी म्हणायचो, लढणाऱ्या माणसाला दिवस लांबल्यासारखा वाटला असेल. "पळवाट. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी आण." मी आठवडाभर वाचायचो. बलामाची गाढवी बोलली, यावर आम्ही तीन रविवार भांडलो. शेवटी मी म्हणालो की गाढवीला समोरचा देवदूत दिसत होता आणि शहाण्या माणसाला दिसत नव्हता, एवढंच त्या गोष्टीला सांगायचंय. ती कुठल्या भाषेत बोलली हे विचारणारा माणूस बलामाइतकाच आंधळा. मावशीने बायबल मिटलं. मग मला आणखी एक खारी दिली. सव्वीस वर्षांत मला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र. मला वाटायचं, एकटी बाई आहे, वर्ग गेलाय, मी तिला सोबत देतोय. केवढा मी उदार…

स्मरणाची उपासना संपल्यावर रुमाल खिशात घालून, मनात सुडाचा पहिला परिच्छेद जुळवत मी बाहेर आलो, तर फाटकाशी रूथ भेटली. ती आता शाळेत विज्ञान शिकवते, केस पिकायला लागलेत, आणि बापाला घेऊन देवळाली कॅम्पात राहते. म्हणाली, "विजयदादा, पप्पा आज जे बोलले त्याचा मला राग आला. मावशीला प्रश्न नव्हते म्हणे." मी खूश झालो, म्हटलं साक्षीदार मिळाला. तोच ती म्हणाली, "मी एकदा मावशीला विचारलं होतं, वर्ग गेल्याचं तुला वाईट नाही का वाटत? तर म्हणाली, माझा वर्ग बंद झालाय कुठे? एक विद्यार्थी दरवर्षी नापास होतोय, त्याच्यासाठी चालू आहे." रूथ हे हसत सांगत होती. तो विद्यार्थी कोण ते तिला माहीत नव्हतं. मला मात्र लगेच कळलं. दर रविवारी दहाला त्या बाईने मला दोनशे पावलांवर बसवून ठेवलं होतं. चर्चमधली माणसं घरी जाताना खिडकीतून दिसायची. ती मला एका शब्दाने काही म्हणाली नाही, फक्त वाट बघत राहिली. आणि आता वाट बघायलाही थांबली नाही. मी भाऊंवर सूड उगवायला निघालो होतो, आणि तिने माझ्यावर किती सावकाश उगवून घेतलं होतं.

दोन दिवसांनी मी बस पकडून देवळाली कॅम्पला गेलो. भाऊ ओसरीवर उन्हात बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो, "भाऊ, त्या रविवारी खळ्यावर पाणी मी टाकलं होतं." कुठलं खळं, असं त्यांनी विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवली.

"कशाने?"

"चर्चच्या झारीने."

"किती झाऱ्या?"

"तीन."

"का रे?"

"माझा मेंढपाळ तुम्ही काढला म्हणून."

"तो कुठल्या घरावर म्हणून विचारणारा?"

"तोच."

"चांगला होता तो. मला हसू आलं होतं. म्हणून काढला." पुलपिटावरची भाषा गळून पडली होती, निफाडकडच्या गावातली राहिली होती. "म्हणजे बाईंवर मी खोटा आळ घेतला."

"घेतला. आणि मी घेऊ दिला."

"तुला हे सांगताना मजा वाटून राहिली, विजय."

"थोडी वाटतेय, भाऊ."

"वाटू दे. मला पण वाटणार हाय. रविवारी मंडळीसमोर उभा राहून सांग. मी पहिल्या बाकावर बसतो. आणि तुझ्या त्या पेपरात पण लिही. माझं लिही, तुझं पण लिही. नाव गाळू नको."

मी उभा राहून सांगितलं. आयुष्यात इतका वाईट प्रयोग मी केलेला नाही. वाक्यं विसरलो, आवाज गेला. ज्या म्हाताऱ्या बायांनी तेव्हा खळ्याभोवती गीतं म्हटली होती त्यांच्यातल्या दोघी अजून आहेत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी पुढची बरीच वर्षं आठवणीतून काढून बघणार आहे. मग पहिल्या बाकावरून भाऊ काठी टेकत उठले. म्हणाले, "बाई मला म्हणाल्या होत्या, भाऊ, वाकून बघा. मी वाकलो नाही. तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते." मग मंडळीकडे वळले. "त्यांचा वर्ग माझ्या सांगण्यावरून गेला. तो मंडळीने आज परत सुरू करावा. आणि घ्यायचा ह्याने." मी तिथूनच म्हणालो की भाऊ, मी यातलं काही मानत नाही. भाऊ म्हणाले, "बाईंचा तो नापास विद्यार्थी तूच, हे रूथला आता कळलंय. सव्वीस वर्षं त्यांनी तुझी तयारी करून घेतली. आता बस त्या सतरंजीवर."

तर गेल्या रविवारी दहा वाजता मी चर्चच्या व्हरांड्यात बसलो होतो. सतरंजी नवी, मुलं सात. मागे खांबाला लावून एक खुर्ची, आणि तिच्यात काठीवर दोन्ही हात ठेवून शमुवेलभाऊ. रूथने त्यांना एवढ्यासाठी कॅम्पातून रिक्षाने आणलं होतं. मी योनाची गोष्ट घेतली. निनवे शहराचा नाश होणार असं सांगायला देव त्याला पाठवतो, तो उलट्या दिशेला पळतो, समुद्रात पडतो आणि एक मोठा मासा त्याला गिळतो. तीन दिवस तो माशाच्या पोटात राहतो. इथे मुलांपैकी कोणी तरी विचारेल म्हणून मी थांबलो. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मागच्या खुर्चीतून एक हात सरळ वर आला.

"श्वास कशाने घेतला त्याने?"

सव्वीस वर्षांत पाठ झालेली चार-पाच उत्तरं माझ्या जिभेवर होती. त्यातलं एकही खरं नव्हतं. मी म्हणालो, "माहीत नाही, भाऊ. माशाच्या पोटात माणूस तीन दिवस जगत नाही."

भाऊंनी समाधानाने मान हलवली, जणू मला पकडण्यातच त्यांची सकाळ सार्थकी लागली होती. "बरं. पुढे?"

पुढे योना निनवेला जातो, ओरडून सांगतो, लोकांना पश्चात्ताप होतो आणि देव त्यांना सोडून देतो. योना भयंकर चिडतो. शहराबाहेर मांडव घालून एकटा बसतो. एका मुलीने विचारलं, "सगळे वाचले तर तो चिडला कशाला?" मी तिला सांगायला लागलो आणि माझी नजर मागच्या खुर्चीकडे गेली. भाऊ माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "कारण त्यांचा नाश आपल्या डोळ्यांनी बघायचा, म्हणून तो इतके दिवस थांबला होता."

भाऊंनी काठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "हे मात्र खरं असणार."